बकलम रत्नव्वा

१२ ऑगस्ट, सोमवार

जाड काळ्या मार्करनं लिहितोय. एका पानावर आठ ओळी बसतात. वर्कशॉपात जॉब कार्डांची जुनी बुकं पडून होती, त्यांची पाठकोरी बाजू कामाला आली. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा पाइपातून बघितल्यासारखं मधलं तेवढं दाखवतो. तो दाखवतोय तोवर आपल्या हातानं लिहायचं ठरवलंय.

कुणाच्या हाती वही लागलीच तर माहीत असावं म्हणून: मी भरमाप्पा अंगडी, वय अठ्ठावन्न, मूळ नेसरीचा. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. एका पत्र्याच्या शेडपासून चालू केलं, आज सहा माणसं कामाला आहेत. मोटर उघडायच्या आधी, नुसती चालू केली की मला कळतं, बेअरिंग गेलंय का आतलं तारांचं वायंडिंग जळालंय. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य आले होते. पाच मोटरी चालू केल्या, त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो आणि एकेकीचं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, हे आमच्या मुलांना शिकवा, आठवड्यातून तीन दिवस. दिसायचं बंद झाल्यावर माझं काय होणार ही धास्ती दोन वर्षं छातीवर बसलेली, त्या दिवशी उठून गेली.

आज कागद द्यायला गेलो. क्लार्क म्हणाला, "बाकी सगळं ओके हाय अंगडीसाहेब. दहावीचं सर्टिफिकेट तेवढं जोडा."

"आणून देतो की," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. अडखळेल कशाला? दहावी पास हे मी वयाच्या बाविसाव्या वर्षापासून सांगतोय. लग्न त्यावर ठरलं. खरं असं आहे की दहावीत दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा कोल्हापूरच्या गाडीत बसलो, तो शाळेत परत गेलोच नाही. हे कुणालाच माहीत नाही. रत्नव्वालासुद्धा नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. फॉर्म जिथं मिळतो त्या शाळेच्या पाण्याची मोटर गेली वीस वर्षं मीच दुरुस्त करतोय. मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम. "काका, नातवंडासाठी का?" म्हणाल्या. माझ्यासाठी म्हणालो. त्यांनी शिपायाला चहा सांगितला. शहाणी बाई.

दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी एक जुनी फाइल काढली. टाइप केलेला इंग्रजी कागद, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात एक शब्द होता. तीन वेळा म्हणून घेतला: अमॅन्युएन्सिस.

"म्हणजे लेखनिक. तुम्ही सांगायचं, त्यानं लिहायचं. जुना शब्द आहे हो, आता कोणी वापरत नाही. नियम मात्र तोच आहे. लिहिणारा उमेदवारापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. दहावीच्या खालचा."

"ते का?"

"जास्त शिकलेला असला तर तोच पेपर सोडवेल ना."

नववीतली एखादी मुलगी देते म्हणाल्या. नको म्हणालो. चौदा वर्षांच्या पोरीपुढं आपलं अज्ञान उघडं करायची हिंमत माझ्यात नाही. मग म्हणाल्या, घरचं कोणी चालेल, नववी पास असल्याचा दाखला पाहिजे. "आहे का कोणी?"

आहे म्हणालो. बाहेर येऊन कट्ट्यावर बराच वेळ बसलो.

२१ ऑगस्ट, बुधवार

पवित्राला फोन केला. माझी लेक, पुण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शब्द सांगितला. "अप्पा, हा कुठून काढलात?" मोटरीच्या कागदात आलाय म्हणालो. थापेला थाप जोडायची सवय काही सुटत नाही.

तासाभरात तिचा फोन आला. अशा कामात तिला भारी आनंद होतो. मूळ शब्द रोमन लोकांचा. अर्थ, हाताशी असलेला गुलाम. मालक बोलणार, गुलाम लिहिणार. चारशे वर्षांपूर्वी तो इंग्रजीत आला, तोवर त्यातला गुलाम झिजून गेला आणि लिहून घेणारा एवढाच माणूस उरला. मोठे लोक पत्रं, पुस्तकं, हिशेब सगळं सांगून लिहून घ्यायचे. कुणाचे डोळे गेले की लेकी लिहायच्या, बायको लिहायची. नाव मात्र सांगणाऱ्याचं. मग टाइपरायटर आले, सेक्रेटरी आल्या आणि शब्द म्हातारा झाला. शेवटी तो कुठं टिकला? न दिसणाऱ्यांच्या परीक्षेच्या नियमात.

आणखी एक सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी थोर माणसानं एक लांबलचक पत्र सांगितलं. लिहिणाऱ्यानं शेवटाकडं मध्येच स्वतःची एक ओळ घातली. हे पत्र लिहून घेणारा मी अमुक, माझाही तुम्हाला नमस्कार. ती ओळ अजून तशीच आहे म्हणे.

"आगाऊ दिसतोय," मी म्हणालो.

"का हो? सगळं त्यानंच लिहिलं होतं की."

गुलामाचा भाग रत्नव्वाला सांगायचा नाही. तसं तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

रत्नव्वा पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. पातेल्यात दाणे पडल्याचा आवाज येत होता, टप, टप. मी बोललो आणि आवाज थांबला.

"दहावी पास न्हाय तुमी?"

"न्हाय."

"बसलाच न्हाईसा?"

"दिवाळीनंतर शाळाच सोडली."

तिनं पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "माझ्या बाबांनी मला शाळंतनं का काढलं, म्हाईत हाय न्हवं?"

माहीत आहे. त्या बैठकीला मी होतो. आमच्याकडं तेव्हाची रीत अशी, की नवऱ्यापेक्षा मुलगी एक इयत्ता तरी खाली पाहिजे, बरोबरीची असली तर नांदत नाही म्हणायचे. ती नुकतीच नववी पास झालेली. माझ्या काकांनी विचारलं, पुढं शिकवणार काय? तिचे वडील म्हणाले, पोरगा दहावी हाय, मग आमची नववीच बरी. लग्न तीन वर्षांनी झालं. तीन वर्षं ती घरी बसून होती.

"धाव्वीची पुस्तकं आणलीती मला," ती म्हणाली. "कव्हरंबी घातलीती. दुकानात परत दिली. तुमच्या खाली ऱ्हावी म्हणून. आणि तुमी तितं नव्हताच."

मी काही बोलणार तोवर टप, टप पुन्हा सुरू झालं. लेखनिकाचं विचारायचं राहूनच गेलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

चौथा दिवस. ताट वाढते, औषधाचे थेंब डोळ्यांत घालते, बोलत नाही. भाकरी मात्र तेवढीच मऊ. त्यानं जास्तच भीती वाटते. लेखनिक होशील काय, हे आज त्या इंग्रजी शब्दासकट विचारून टाकलं. तिनं थेंबांची बाटली फळीवर ठेवली.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळी माझ्या हातात एक कागद ठेवला. जुना, घडीवर फाटायला आलेला, मागून कापड चिकटवलेला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला. ट्रंकेच्या तळाशी होता म्हणे. छत्तीस वर्षं सांभाळलेला, आणि मला ठाऊक नाही.

"नववी पास. वर्गात दुसरी आल्ती. द्या मॅडमला. मी लिवतो."

(आमच्याकडच्या बायका बोलताना जातो, करतो असंच म्हणतात. पवित्रा पुण्याला गेल्यापासून आईला हसते.)

"राग गेला?"

"राग कुटं जातोय? हाय की हितंच. पन एक सांगून ठेवतो. तुमी सांगशीला ते लिवीन. कमी न्हाय, जास्त न्हाय."

"एवढंच पायजे की."

"आनि त्यो इंग्रजी शब्द काय हाय म्हणं? त्येचा अर्थ काय?"

"मदतनीस," मी म्हणालो.

"असं," म्हणाली आणि आत गेली.

२० ऑक्टोबर, रविवार

आजपासून ही वही रत्नव्वा लिहिणार. मी सांगतो, ती लिहिते. परीक्षेचा सराव. खासगी असं काही उरणार नाही, पण तिच्यापासून लपवायचं ते एकदाच होतं आणि ते सांगून झालं.

फॉर्मला जन्माचा पुरावा पाहिजे म्हणून कागदांची पेटी काढली, त्यात आमच्या आज्याचं जमिनीचं खरेदीखत निघालं. रत्नव्वानं वाचून दाखवलं. खाली आज्याचा डाव्या हाताचा अंगठा. त्याच्या शेजारी, बकलम गोविंद रामचंद्र. तिनं विचारलं, बकलम म्हणजे? मला माहीत होतं. याच्या लेखणीनं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीनं ज्यानं लिहिलं त्याचं नाव. आपल्या हातानं लिहिलं की बकलम खुद्द.

मला तो शब्द फार आवडला. इंग्रजी शब्दात लिहिणाऱ्याला नाव नाही. आपल्याकडं अंगठा एकाचा, पण लिहिणाऱ्याचंही नाव खाली. त्यात मानही आहे आणि जबाबदारीही. खोटं लिहिलं असतं तर कोर्टात गोविंद रामचंद्रालाही उभं केलं असतं.

रत्नव्वाला म्हणालो, तूही रोज खाली तसंच लिही. ती म्हणाली, बरं. (हेही लिही म्हणालो.)

बकलम रत्नव्वा

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. ती धडे वाचते, मी ऐकतो, मग प्रश्न विचारते, मी सांगतो, ती लिहिते. इतिहास बरा आहे. भूगोल चांगला. इंग्रजी म्हणजे जळकं वायंडिंग, कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं कळत नाही.

रत्नव्वाच्या चहात अलीकडं साखर कमी असते, हे लिही म्हणालो. लिहिलं आहे. पेनाचा जोर वाढलेला ऐकू आला.

बकलम रत्नव्वा

२४ नोव्हेंबर, रविवार

हे पान मी स्वतः मार्करनं लिहितोय. ती भाजी आणायला गेली आहे.

एक शोध लागलाय. कान तयार असल्याचा फायदा. मी उत्तर सांगतो, तिचं पेन कागदावर सरसर जातं. पण मी चुकीचं सांगितलं, की लिहायच्या आधी ते अर्धा क्षण थांबतं. बेअरिंगमध्ये खडा अडकावा तसं. आठवडाभर मोजून बघितलं. दरवेळी! थांबलं की मी उत्तर बदलतो, आणि बदललेलं बरोबर निघतं.

तिला पत्ताच नाही. ती मुद्दाम करत नाही, हात आपोआप थांबतो. परीक्षेत ती माझ्याशेजारीच असणार. यात लबाडी कुठली? मी फक्त ऐकतोय. ऐकायचीच तर नोकरी मिळणार आहे मला.

१५ डिसेंबर, रविवार

अभ्यास चांगलाच पक्का झालेला दिसतोय. पंधरा दिवस झाले, पेन कुठंच थांबत नाही, एका लयीत चालतं. इंग्रजीतसुद्धा. स्वतःचं कौतुक वाटलं. पेन थांबत नाही याचा अर्थ काय, असं रत्नव्वानं विचारलं. काही नाही, गती आली, एवढंच म्हणालो.

बकलम रत्नव्वा

१२ जानेवारी, रविवार

विज्ञानात एक नियम आहे. डाव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात धरायचं. पहिलं बोट चुंबकाच्या क्षेत्राचं, मधलं विजेचं, अंगठा दाखवतो मोटर कुठल्या बाजूला फिरणार. चाळीस वर्षं मोटरी फिरवतोय, हा नियम कधी ऐकला नाही. आमच्या हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं.

रत्नव्वानं माझी बोटं धरून बसवली. मी म्हणालो, आता वायरा उलट्या जोडल्या तर? तिनं क्षणभरात स्वतःचा हात फिरवला आणि म्हणाली, "उलटी फिरंल की. अंगठा खाली आला."

पिराजी हिशेबाला आला होता. माझा वर्कशॉपातला फोरमन, पंचवीस वर्षं माझ्याकडं. म्हणाला, "वैनी, तुमीच बसा की परीक्षेला. मालक लिवतील."

सगळे हसलो. रत्नव्वा सगळ्यांत कमी हसली.

बकलम रत्नव्वा

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर. आम्हाला वेगळी खोली, एक पर्यवेक्षिका. बाहेर पोरं ओरडत होती, आम्हाला बघून एकदम गप्प झाली. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आजोबा आज्जीला पोचवायला आल्यात." कान तयार असण्याचे तोटेही आहेत.

पर्यवेक्षिकेनं दोघांच्या सह्या घेतल्या. लेखनिकाच्या रकान्यात शिक्षण लिहायचं होतं. रत्नव्वानं लिहिलं, नववी पास. लिहिताना पेनाचा जोर मला ऐकू आला. चहाच्या साखरेच्या वेळी लावला होता त्यापेक्षा तो जास्त होता.

निबंध चांगला झाला.

बकलम रत्नव्वा

१ मार्च, शनिवार

मार्करनं.

आज इंग्रजी होतं. पेन एकदाही थांबलं नाही. बाहेर पडलो तेव्हा मी हवेत होतो. रिक्षात बसल्यावर म्हणालो, "सुटलो बघ. इंग्रजी निघालं."

"तीन चुकली," ती म्हणाली.

"काय?"

"एन्शंटच्या उलट तुमी ओल्ड सांगितलं. मॉडर्न पायजे हुतं." मग दुसरं, मग तिसरं. गाळलेल्या जागा. तिला तिन्ही येत होती.

"मग पेन का थांबलं न्हाय?"

रिक्षा सिग्नलला उभी होती. ती म्हणाली, "थांबतंय ते तुमास्नी कळतंय, हे मला नोव्हेंबरातच कळलंतं. तुमची अक्षरं एवढाली मोठी, सैपाकघरातनं वाचता येत्यात. मग हाताला सवय लावली. कणीक मळताना, भांडी घासताना मनात चुकीची उत्तरं म्हणायची आन् हात चालूच ठेवायचा."

"अगं, माझं सगळं या मार्कांवर अडकलंय!"

"म्हणूनच की. एक दहावी खोटी झाली, तिच्यात माझी गेली. ही खरी हुंदे. न्हाईच झाली तर पुन्यांदा बसू."

रिक्षावाला आरशातून बघत असावा. 

४ मार्च, मंगळवार

मार्करनं. काल हिंदीच्या पेपरला उत्तरं सोडून तिच्याशी एक अवांतर शब्द बोललो नाही. तिनंही लिहिण्यात काही कमी केलं नाही.

वर्कशॉपात पिराजीला सगळं सांगितलं. वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो वार्निशच्या डब्याचं झाकण बसवत होता. म्हणाला, "मालक, एका कामगारानं जळकं वायंडिंग वार्निश मारून चकाचक करून दिलंतं, आठवतंय? गिऱ्हाइकाला कळलंबी नसतं. तुमी त्येला गेटाभायेर काढलं."

"आठवतंय. चांगलं केलं."

"त्यो मीच की."

विसरलोच होतो. आठ दिवसांनी याची आई येऊन रडली, म्हणून परत घेतला होता.

"वैनींनी वार्निश मारलं न्हाय," पिराजी म्हणाला. "त्यात त्यांचं काय चुकलं, मला तर दिसना."

घरी आलो. चहात साखर बरोबर होती. ती तशी नेहमीच असते, खरं तर.

१७ मार्च, सोमवार

शेवटचा पेपर झाला. भूगोल. पुन्हा सांगून लिहून घेतोय. रत्नव्वा म्हणाली, राग गेला काय? मी म्हणालो, आहे की इथंच. तिच्या पेनाला हसू आलं असेल तर ते मला ऐकू आलं.

केंद्रातून क्लार्कचा फोन होता, सर्टिफिकेटची वाट बघतोय म्हणाला. जूनपर्यंत जागा धरून ठेवू, पुढं नाही. इंग्रजीत उडालो तर ती गेली. मग घरात बसून पंख्याचा आवाज ऐकत दिवस काढायचे. ही भीती मी सांगतोय आणि ती लिहितेय. एकही शब्द तिनं गाळलेला नाही.

बकलम रत्नव्वा

१३ मे, मंगळवार

निकाल. पवित्राला परीक्षेचं मागंच सांगून टाकलंय; तिनं पुण्यात फोनवर उघडला आणि वाचत गेली. मराठी एकसष्ट. हिंदी बावन्न. विज्ञानात मला वाटलं त्याहून कमी, सामाजिक शास्त्रात वाटलं त्याहून जास्त. इंग्रजीशी आली आणि थांबली.

"अप्पा, इंग्रजीत तीन मार्क कमी पडलेत."

 शेजारी रत्नव्वा बसली होती, तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

"थांबा थांबा. इथं फुली आहे. न दिसणाऱ्यांना सवलतीचे मार्क देतात. त्यात ते तीन भरून निघालेत. पास आहात तुम्ही! अप्पा? ऐकताय ना?"

ऐकत होतो. चाळीस वर्षं तांब्याच्या तारांवर डोळे घातले. त्यांनी जाता जाता तीन मार्क टाकले.

रत्नव्वाला म्हणालो, "तू न्हाय दिलंस, डोळ्यांनी दिलं."

"घ्या की. डोळ्यांचं तुमचंच हाय. मी दिलं असतं तर ते तुमचं झालं नसतं."

मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. पाण्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. हे वाक्य लिहायला तिनं जरा वेळ लावला, पण लिहिलं.

बकलम रत्नव्वा

१६ जून, सोमवार

केंद्रावरचा पहिला दिवस. वीस पोरं. पहिल्यांदा सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मोटर चालू केली, म्हटलं, बोला, काय दुखतंय हिचं? कुणी काय, कुणी काय. एकजण मागून म्हणाला, "सर, तिला काहीच झालेलं नाही." बरोबर होतं. त्याचं नाव विचारून ठेवलं.

दहावीची पुस्तकं आता रद्दीला घालूया म्हणालो. रत्नव्वा म्हणाली, असू देत, जागा खात नाहीत. हल्ली दुपारी मी पडलो की आतून पानं उलटल्याचा आवाज येतो. माझ्यापायी तिला वाचनाची गोडी लागली. बरं झालं.

बकलम रत्नव्वा

४ ऑगस्ट, सोमवार

आजची नोंद यांनी सांगितलेली नाही. हे केंद्रावर गेले आहेत, सहाला येतील. आल्यावर मी वाचून दाखवणार आहे.

आज मी एकटी शाळेत जाऊन आले. संयोगिता मॅडमनी विचारलं, काकांचं काय राहिलं का? मी म्हणाले, त्यांचं झालं. सतरा नंबरचा फॉर्म मागितला. मॅडमनी शिपायाला चहा सांगितला.

फॉर्म मी तिथंच बसून भरला. शेवटचं शिक्षण, नववी. शाळा सोडल्याचं कारण असा एक रकाना होता. छत्तीस वर्षं मी त्याचं उत्तर मनात लिहीत होते, पण जागा अर्ध्या ओळीची होती, म्हणून घरगुती अडचण लिहिलं. त्यात खोटं काही नाही. पुढं विचारलं होतं, लेखनिक हवा आहे काय. तिथं लिहिलं, नको.

त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला गेल्या ऑगस्टमध्येच कळला होता. यांनी मदतनीस सांगितलं, तेव्हा वाचून चार दिवस झाले होते. अक्षरं मोठी आहेत. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण सांगतील ते लिहीन, कमी नाही, जास्त नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ते परीक्षेपुरतं होतं. परीक्षा झाली.

हे पेपरच्या दिवशी मला पोचवायला येणार. बाहेर कट्ट्यावर बसणार आणि खिडकीतून पेन ऐकू येतंय का बघणार. येऊ देत. या वेळी ते थांबलं तर माझ्यासाठी थांबेल.

रत्नव्वा भरमाप्पा अंगडी
बकलम खुद्द